मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअब्सॉर्बरची तपासणी

इंजिन बिघडले तर मोटारसायकल चालू होत नाही, क्लचची तार तुटली तर गिअर बदलता येत नाही, ब्रेक झिजले की आवाज करू लागतात. पुढच्या शॉकअब्सॉर्बरचे तसे नाही. तो हळूहळू, महिनोन्‌महिने बिघडत जातो आणि चालविणाऱ्यालाही त्या बिघाडाची हळूहळू सवय होत जाते. हँडलला बसणारे दणके खराब रस्त्याच्या नावावर जमा होतात. ‘गाडी आता जुनी झाली’ असे म्हटले की विषय संपतो. म्हणून या भागाची तपासणी तक्रार उद्भवण्याची वाट न पाहता मुद्दाम करावी लागते. तिला महागडी हत्यारे लागत नाहीत. एक स्वच्छ फडके, मोजपट्टी, विजेच्या वायरी बांधण्याचा प्लॅस्टिकचा एक केबल-टाय आणि मदतीला एक माणूस, एवढे पुरते.

भारतातील रस्त्यांवर धावणाऱ्या १०० ते १५० सी.सी.च्या बहुतेक मोटारसायकलींना पुढे दुर्बिणीप्रमाणे एकात एक सरकणारे दोन पाय असतात. त्यांना टेलिस्कोपिक फोर्क म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र ‘पुढचे शॉकअप’ हाच शब्द रूढ आहे. तेलाच्या साहाय्याने उसळी आवरणारा असा फोर्क विक्रीच्या मोटारसायकलींवर प्रथम १९३५ साली जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीने बसविला. त्यामागील तत्त्व आजही तेच आहे. प्रत्येक पायात एक चकचकीत पोलादी नळी असते आणि ती खालच्या नळकांड्यात वरखाली होते. आत एक लांब स्प्रिंग आणि साधारण पेलाभर तेल असते. चाक खड्ड्यावरून गेले की स्प्रिंग दबते आणि धक्का साठवून घेते. पण साठविलेला धक्का ती लगेच परतही करू पाहते. येथे तेल कामाला येते. बारीक छिद्रांतून जाताना ते विरोध करते, स्प्रिंगची उसळी मंदावते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर निघून जाते. नळी जेथे नळकांड्यात शिरते तेथे तेल अडविणारे रबरी ऑइल सील असते आणि त्याच्यावर धूळ अडविणारी टोपी.

शॉकअब्सॉर्बर हे केवळ आरामाचे साधन आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. ब्रेक दाबताच गाडीचा आणि माणसाचा भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबविण्याचे बहुतांश काम पुढच्या चाकाकडे येते. त्या क्षणी टायर रस्त्याला घट्ट टेकलेला असला तरच ब्रेकचा उपयोग. आतील तेल निकामी झाले असेल तर चाक रस्त्यावर चेंडूसारखे उड्या घेते आणि टायरची पकड क्षणात येते, क्षणात जाते. कोरड्या सपाट रस्त्यावर हे जाणवणारही नाही. पावसाळ्यात घाट उतरताना, मागे दुधाचे कॅन किंवा घरचे माणूस बसलेले असताना, अचानक समोर गुरे आली म्हणजे जाणवते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. गल्लोगल्लीचे अरुंद, उभट उंचवटे पाहता ती मार्गदर्शिका फारशी वाचली गेली असेल असे वाटत नाही. त्याची किंमत शॉकअब्सॉर्बर मोजतो.

तपासणीचा आरंभ टायरमधील हवेपासून करावा. हवा कमी किंवा जास्त असेल तर पुढील सर्व निष्कर्ष चुकतात, आणि कित्येकदा दोष तेवढाच निघतो.

यानंतर नळ्या फडक्याने स्वच्छ पुसाव्यात. नळीवर तेलाचा अगदी पातळ ओलसर थर असणे स्वाभाविक आहे; पण दोन-चार दिवस गाडी चालविल्यावर सीलजवळ काळपट चिखलाचे कडे जमले असेल किंवा तेलाचा ओघळ नळकांड्यावर उतरला असेल, तर सील गेले असे समजावे. काही गाड्यांत नळीवर रबरी घड्यांचे आवरण असते. ते वर सरकविल्याशिवाय गळती दिसत नाही, आणि नेमक्या अशाच गाड्यांत ती वर्षभर लपून राहते. गळती क्षुल्लक मानू नये. ओघळ डिस्क ब्रेकच्या पॅडपर्यंत पोहोचला तर पुढचा ब्रेक घसरू लागतो, आणि तेलाने भिजलेले पॅड पुसून पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो.

नळीवरून नख हळूच वरपासून खालपर्यंत फिरवावे. डोळ्यांना न दिसणारा गंजाचा खड्डा नखाला अडतो. समुद्रकिनाऱ्याच्या खाऱ्या हवेत आणि पावसाच्या चिखलात असे खड्डे लवकर पडतात. ही परीक्षा महत्त्वाची, कारण खडबडीत नळीवर बसविलेले नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते. ‘सील बदलले तरी तेल गळतेच’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा नळीत असते. दोष मात्र सीलला दिला जातो.

आता गाडी स्टँडवरून उतरवून सरळ धरावी, पुढचा ब्रेक दाबून ठेवावा आणि हँडलवर शरीराचा भार टाकून पुढचा भाग जोराने खाली दाबून सोडावा. निरोगी फोर्क एका संथ हालचालीत वर येतो आणि स्थिर होतो. तो दोन-तीनदा डुलला तर तेल कमी झाले आहे किंवा पातळ पडले आहे. मध्येच अडखळून वर आला तर नळी वाकलेली असण्याचा संभव आहे. धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला तर गाडी लवकरच मेकॅनिककडे न्यावी.

स्प्रिंग थकली आहे का, हे केबल-टायने कळते. तो उघड्या नळीवर बेताचा घट्ट बसवावा. मदतनीसाने गाडी सरळ धरून पुढचा भाग किंचित वर उचलावा व टाय धूळ अडविणाऱ्या टोपीला टेकवावा. नंतर चालविणाऱ्याने अलगद बसून अलगद उतरावे. टाय जितका वर सरकला असेल तितका फोर्क माणसाच्या भाराने दबला. लहान गाड्यांत फोर्कची एकूण चाल १० ते १३ सेंटीमीटरच्या आसपास असते. तिच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतके, म्हणजे तीन-चार सेंटीमीटर दबणे योग्य. निम्म्याहून अधिक चाल नुसत्या बसण्यातच संपत असेल, तर खड्ड्यासाठी काही उरत नाही.

शेवटची परीक्षा थोडी फसवी आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावून मदतनीसाला मागची बाजू दाबायला सांगावे, म्हणजे पुढचे चाक अधांतरी होईल. फोर्कचे खालचे टोक धरून पुढेमागे हलवावे. खडखड जाणवली तर दोष शॉकअब्सॉर्बरचाच असे लगेच म्हणू नये. दुसऱ्या हाताचे बोट आधी हँडलखालच्या सांध्यावर आणि मग सीलजवळच्या सांध्यावर ठेवावे. वरच्या सांध्यात हालचाल असेल तर हँडलचे बॉलरेसर सैल किंवा झिजलेले आहेत. खालच्या सांध्यात असेल तर फोर्कच्या आतील बुश झिजलेले आहेत. हा फरक न ओळखल्याने चांगले शॉकअब्सॉर्बर उघडले जातात आणि बिघाड आहे तेथेच राहतो.

तपासणी घरी करावी, फोर्क मात्र घरी उघडू नये. वरच्या बोल्टखाली स्प्रिंग दबलेली असते आणि बोल्ट निसटला तर तो डोळ्यावर उडू शकतो. मेकॅनिकला मात्र नेमके सांगावे: कोणत्या पायातून गळते, दाबून सोडल्यावर गाडी किती वेळा डुलते, खडखड कोठे आहे. तेल कधी व किती बदलावे हे वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याच प्रकारचे तेल दोन्ही पायांत सारख्याच मापाने भरले पाहिजे. हाताशी आहे म्हणून इंजिनचे घट्ट तेल ओतण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. त्याने फोर्क ताठ होतो आणि लहान धक्के थेट मनगटात येतात. अपघातात वाकलेली नळी दाबून सरळ करण्यापेक्षा बदललेली बरी. काम झाल्यावर नळ्या पुन्हा स्वच्छ पुसाव्यात. जोडणीच्या वेळी लागलेले तेल पहिल्या एक-दोन दिवसांत दिसू शकते; आठवड्यानंतरही कडे जमत असेल तर गाडी परत दाखवावी.