हिरवळ... तासाच्या भावाने!

शुक्रवार, रात्रीचे सव्वादहा. लोअर परळच्या ऑफिसातून सॅक पाठीला लावून आमची गँग थेट जाळीच्या आत! फ्लडलाइट्सचा लखलखाट, खाली हिरवंगार 'गवत' आणि सहा विरुद्ध सहाची मॅच. पहिल्याच ओव्हरला कॅचसाठी झेप घेतली आणि गुडघा सोलवटला. ना दगड, ना माती, मग हे कसं? "टर्फ बर्न म्हणतात ह्याला. सवय होईल!" टीममधल्या एकाने दिलासा दिला. बँडेज लावता लावता म्हटलं, ज्या गवतासाठी आपण तासाला हजार-दोन हजार रुपये काँट्री काढून भरतो, ते आहे तरी काय?

छप्पर आलं, गवत गेलं

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये. १९६५ साली तिथे अ‍ॅस्ट्रोडोम हे छप्परवालं स्टेडियम उघडलं. पारदर्शक छपरामुळे खेळाडूंना बॉल दिसेना, म्हणून छपराला रंग फासला. ऊन अडलं आणि गवत मेलं! मग १९६६ मध्ये तिथे नायलॉनचं गवत अंथरलं. 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' हे नाव तिथलंच. आजच्या टर्फवर पॉलिथिनची पाती असतात आणि ती उभी राहावीत म्हणून मध्ये बारीक वाळू. फुटबॉलच्या टर्फवर तर बऱ्याचदा जुन्या टायरचा रबरी चुराही असतो.

आपल्याला हे गवत पहिल्यांदा बोचलं ते हॉकीत. १९७५ मध्ये क्वालालंपूरला आपण वर्ल्ड कप जिंकलो. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण थेट सातवे! १९२८ पासून पहिल्यांदाच हॉकीत पदक नाही. सगळा दोष टर्फचा नव्हता, पण खेळाचा वेग बदलला आणि टर्फ परवडणारे देश पुढे गेले. १९८२ चा मुंबईतला वर्ल्ड कप गवतावर झाला, १९८६ पासून मात्र टर्फच. आज चर्चगेटच्या हॉकी स्टेडियममध्ये टर्फ आहे आणि कूपरेजच्या फुटबॉल मैदानावरही फिफाच्या उपक्रमातून ते आलं. आपल्या लालबाग-परळची कबड्डीसुद्धा मातीवरून मॅटवर गेलीच की!

सॉलिड फायदे

पहिला फायदा म्हणजे पाऊस. भर पावसात मैदानांवर खेळण्याची मजा कांगा लीगवाल्यांना विचारा, १९४८ पासून ते खेळताहेत! पण आपल्यासारख्या वीकेंड प्लेयर्सना जुलैतला चिखल झेपत नाही. टर्फवरचं पाणी खालच्या थरांतून निघून जातं आणि तासाभरात खेळ सुरू. गवत कापायला नको, खत नको. शिवाय ऑफिस सुटल्यावर खेळायचं तर दिवे हवेत, ते इथे आहेत. मैदानावर कधी न दिसणाऱ्या मुलींच्या टीम्स इथे रात्री बिनधास्त खेळतात, हे तर बेस्टच!

...आणि तोटे

ऊन पडलं की हे गवत तापतं. खऱ्या गवतातून पाण्याची वाफ होते आणि ते थंड राहतं, प्लास्टिकला ती सोय नाही. कडक उन्हात टर्फचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. २०१५ चा महिलांचा फुटबॉल वर्ल्ड कप कॅनडात टर्फवर झाला, तेव्हा आघाडीच्या खेळाडूंनी आधी कायदेशीर तक्रार केली होती. २०२६ च्या पुरुषांच्या वर्ल्ड कपसाठी तर टर्फवाल्या अमेरिकी स्टेडियम्सनाही खरं गवत लावावं लागलं.

दुसरा मुद्दा कचऱ्याचा. पाती झिजतात, रबराचे कण बुटांना चिकटून गटारात आणि तिथून समुद्रात जातात. म्हणून युरोपीय युनियनने २०२३ मध्ये नियम केला, की २०३१ पासून टर्फसाठी असा चुरा विकायचा नाही. आणि आठ-दहा वर्षांनी झिजलेला अख्खा गालिचा टाकायचा कुठे?

शिवाजी पार्कचं काय?

दादरला लाल मातीचा धुरळा उडाला की कुणीतरी म्हणतंच, "टर्फ टाकून टाका ना!" ऐकायला सोपं आहे. पण १९२५ सालचं हे २८ एकरांचं मैदान पाऊस जमिनीत मुरवतं. त्यावर प्लास्टिक अंथरलं तर उन्हाळ्यात तो तवा होईल. आणि टर्फ आलं की जाळी येते, जाळी आली की गेट येतं, गेट आलं की पावती. आज तिथे एकाच वेळी डझनभर मॅचेस चालतात, एकाचा फील्डर दुसऱ्याच्या पिचवर उभा असतो आणि पैसे कुणीच मागत नाही.

त्या शुक्रवारी आमचा एक बॉल जाळीवरून बाहेर गेला. बाहेर चाळीतली चार पोरं उभी राहून मॅच बघत होती. एकाने बॉल परत फेकला आणि विचारलं, "दादा, एक ओव्हर टाकू?" आमची पाच मिनिटं उरली होती. आम्ही त्याला आत घेतलं. पुढच्या शुक्रवारी तो कुठे खेळणार, ह्याचं उत्तर टर्फकडे नाही. ते मैदानाकडेच आहे.

टर्फवर जाताय?
* स्पाइक्स नकोत, टर्फ शूजच घाला.
* गुडघे झाका, ट्रॅक पँट बेस्ट.
* दुपारचा स्लॉट स्वस्त असला तरी एप्रिल-मेमध्ये टाळा.
* निघताना शूज तिथेच झटका. ते कण घरी आणि गटारात नकोत.
* रात्री अकरानंतर आवाज कमी. शेजारच्या बिल्डिंगला झोप हवी असते, बॉस!