सर्टिफिकेटनंतरची वर्षं

लेखांक सातवा

१९९६ साली महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. पेपरला जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, एक भाषा सोडून तिच्या जागी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं क्लिनिक उपनगरांतल्या पालकांना ठाऊक झालं. मुलुंड-घाटकोपरहून आणि अंधेरी-बोरिवलीहून आया मुलांना घेऊन तिथे जात, तासन्‌तास बसत आणि शेवटी एक सर्टिफिकेट घेऊन परतत. त्या सुरुवातीच्या वर्षांत दहावीला बसलेली मुलं आज पंचेचाळिशीला टेकली आहेत. डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला तेव्हा जी मुलं त्यातल्या ईशानच्या वयाची होती, ती आता नोकरी करतात, घरभाडं भरतात. सवलत परीक्षेपुरती होती. परीक्षा संपली, फाईल कपाटात गेली आणि मेंदू तोच राहिला.

आजचा लेख या मोठ्या झालेल्या मुलांविषयी आहे. ज्यांना सर्टिफिकेट कधी मिळालंच नाही, अशा माणसांविषयीही आहे, आणि त्यांची संख्या जास्त असावी असं मला वाटतं. त्या काळच्या चाचण्या प्रामुख्याने इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी बेतलेल्या होत्या. मराठी शाळेतलं मूल ‘ढ’ ठरून मागच्या बाकावर जायचं. मुली तर आणखीच निसटल्या. वर्गात धुडगूस घालणारा मुलगा बाईंच्या नजरेत भरतो. खिडकीबाहेर बघत स्वतःत रमलेल्या मुलीचा कुणालाच त्रास नसतो. आज चाळिशीच्या आसपासच्या अनेक जणी समुपदेशकाकडे येतात त्या मुलाच्या निमित्ताने. त्याच्या एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या स्थितीची, तपासणी चालू असते, डॉक्टर एकेक लक्षण विचारत जातात आणि आईला जाणवतं की ही सगळी उत्तरं तिच्याच बालपणातली आहेत.

अशी एक बाई कल्पनेत आणू. वय अडतीस, राहायला बोरिवली पूर्वेला, काम अंधेरीतल्या स्टुडिओत मालिकांच्या साउंड एडिटिंगचं. तिचा कान असा की संवादाच्या मागे दूरवर वाजलेली कुकरची शिट्टी तिला पहिल्याच ऐकण्यात सापडते. आणि त्याच कानामुळे लोकल स्टेशनात शिरताना ब्रेकचा आवाज तिच्या दातांपर्यंत जातो. स्टुडिओत तिची वाहवा होते, घरी ‘फार नाटकं करते’ असं ऐकावं लागतं. काम पूर्ण करून दिलेलं असतं, पण त्याचं बिल पाठवायचं तीन-तीन महिने राहून जातं. एपिसोड जायच्या आदल्या रात्री ती जागची न हलता काम करते आणि पुढचे दोन दिवस तिच्याने कुणाशी बोलवत नाही. यापूर्वी ती दोन समुपदेशकांकडे जाऊन आली आहे. दोन्हीकडे तिला डायरी लिहायला, प्राणायाम करायला आणि सकारात्मक राहायला सांगितलं गेलं. तिने ते केलं, काही आठवड्यांनी सुटलं, आणि आपल्याला हेसुद्धा जमत नाही ही आणखी एक लाज जमा झाली.

समग्र मानसोपचाराची खरी गरज इथे आहे. समग्र याचा अर्थ मी इतकाच घेते: मनाबरोबर शरीर, घर, कामाची वेळ, पैसा आणि प्रवास हे सगळं उपचाराच्या टेबलावर यायला हवं. या बाईच्या डोक्यातले विचार तेवढे दुरुस्त करून तिचा त्रास जाणार नाही, कारण त्रासाचा मोठा भाग तिच्या विचारांत नाहीच.

सुरुवात इतिहासापासून होते. २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेप्रमाणे प्रौढ माणसाला एडीएचडीचं निदान द्यायचं तर काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. म्हणून चांगला तज्ज्ञ जुनी प्रगतिपुस्तकं मागवतो, जमलं तर आईशी किंवा मोठ्या भावंडाशी बोलतो. ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’, ‘अक्षर सुधारावे’, ‘वह्या अपूर्ण’ हे वर्गशिक्षकांचे शेरे तीस वर्षांनी पुरावा म्हणून उपयोगी पडतात. याच टप्प्यावर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला हवं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते, आणि तिच्यातून येणारा थकवा व विसराळूपणा एडीएचडीसारखा दिसू शकतो. झोपेची चौकशी मायग्रेनच्या आणि पाळीच्या चौकशीसह व्हायला हवी. हे न बघता थेट बालपणीच्या जखमांकडे वळणारा उपचार मला अपुरा वाटतो, मग त्याचं नाव काहीही असो.

त्यानंतर प्रश्न येतो समोरासमोर बसून बोलण्याचा. ‘तुम्हाला आत्ता काय वाटतंय?’ हा आमच्या व्यवसायातला सर्वांत नेहमीचा प्रश्न. पण स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं ज्यांना अवघड जातं अशी माणसं असतात. त्या स्थितीला अलेक्सिथायमिया म्हणतात. २०१९ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात ऑटिस्टिक व्यक्तींपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये ती आढळली. अशा माणसाला तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला की तो अपेक्षित उत्तर देऊ लागतो. आयुष्यभर हेच तर केलेलं असतं: समोरच्याला काय हवं ते ओळखायचं आणि तसा चेहरा करायचा. उपचाराच्या खोलीतही मुखवटा चढला, तर तो उतरवायची जागा उरतच नाही. म्हणून प्रश्न बदलावा लागतो. छातीत काही जड वाटतं का, जबडा आवळलेला आहे का, पोटात काय होतंय? जमत असेल तर चित्र काढा, आवाज रेकॉर्ड करून आणा, आदल्या दिवशी मेसेजमध्ये लिहून पाठवा. आमची साउंड एडिटर तिच्या आठवड्याचा आवाजाचा आलेख काढून आणेल, आणि त्यातून जे कळेल ते तासभराच्या गप्पांतून कळलं नसतं.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत मानसोपचार या माणसांसाठी कसा बदलावा हे नेमकं सांगितलं आहे. बोलणं ठोस असावं, गोष्टी लिहून आणि चित्रांतून मांडाव्यात, रूपकं फार वापरू नयेत, मध्ये विश्रांती असावी, माणसाच्या आवडीच्या विषयाला उपचारात स्थान द्यावं, विचार बदलण्यापेक्षा वागण्यातल्या बदलावर भर असावा. हे वाचताना जाणवतं की इथे बदलायला उपचार करणाऱ्याला सांगितलं आहे. नजरेला नजर देण्याचा आग्रह सोडायचा, ट्यूबलाइट बंद करून दिवा लावायचा, पंख्याची कुरकुर दुरुस्त करून घ्यायची, आजच्या तासात काय होणार ते आधी सांगायचं. खर्च जवळजवळ शून्य. तरीही किती ठिकाणी हे होत नाही!

मराठी वाचकाला मानसोपचार म्हटलं की विवेकनिष्ठ विचारपद्धती आठवते. अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत किशोर फडके यांनी भारतात रुजवली, ठाण्याच्या आयपीएच या संस्थेने आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत नेली, अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ने तिच्या जनकाची ओळख करून दिली. या परंपरेचं ऋण मी मानते. ‘माझ्याकडून चूक झाली म्हणजे मी टाकाऊ’ या जाचक समजुतीवर तिच्यासारखा उपाय नाही, आणि वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या या माणसांमध्ये ती समजूत खोल गेलेली असते. पण दादर स्टेशनच्या पुलावर जीव घाबरा होणं ही अविवेकी समजूत नसते. ऑटिझममध्ये ध्वनी, प्रकाश, स्पर्श यांचा त्रास अधिक जाणवू शकतो, आणि डीएसएम-५ ने ते निकषांत नोंदवलेलं आहे. तिथे ‘आवाज असह्य नाही, तू तो असह्य मानतेस’ असं सांगणं म्हणजे तिच्या कानावर अविश्वास दाखवणं. कोणतं दुःख विचारातून आलं आणि कोणतं संवेदनेतून, हे वेगळं काढता येणं हे समुपदेशकाचं कसब.

अतिसंवेदनशीलतेबद्दल थोडं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इलेन अ‍ॅरन यांचं यावरचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. पंधरा ते वीस टक्के माणसं जन्मतः अधिक संवेदनशील असतात, हा त्यांचा अंदाज. हा आजार नाही, निदानाच्या कुठल्याही यादीत तो नाही, आणि ऑटिझम किंवा जुना मानसिक आघात यांच्याशी त्याची गल्लत होऊ शकते. त्यामुळे इन्स्टाग्रामवरची प्रश्नावली सोडवून स्वतःला हे नाव लावून घेण्याआधी थांबावं. पण या संशोधनातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मायकेल प्लूएस आणि इलोना बोनिवेल यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंडनच्या गरीब वस्तीतल्या अकरा वर्षांच्या मुलींना नैराश्य टाळण्याचं प्रशिक्षण शाळेतच दिलं होतं. त्याचा टिकाऊ फायदा अधिक संवेदनशील मुलींना झाला, कमी संवेदनशील मुलींना तो फारसा झाला नाही. वाईट परिस्थितीत जे लवकर करपतात, तेच चांगल्या आधाराने जास्त बहरतात. या माणसांवर खर्च केलेला उपचारांचा वेळ वाया जाणार नाही, याचं याहून चांगलं कारण नाही.

आता शहर. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार ध्वनिक्षेपकांना रात्री बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. गणपती आणि नवरात्रात बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथे प्रत्यक्षात काय ऐकू येतं ते रहिवाशांना ठाऊक आहे. उत्सव नकोत असं कुणीच म्हणत नाही. आमची साउंड एडिटर स्वतः आरतीत तल्लीन होते. पण गणपतीचे दहा दिवस तिच्यासाठी आजारपणासारखे जातात. म्हणून त्यांची तयारी जुलैतच उपचाराच्या खोलीत व्हावी: त्या आठवड्यात डेडलाइन घ्यायची नाही, दोन रात्री मावशीकडे डहाणूला काढायच्या, कानात बोळे घालायचे आणि त्याची लाज वाटू द्यायची नाही.

प्रवासाचंही तसंच. साडेआठची फास्ट सोडून बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडली की अंधेरीपर्यंत वेळ जास्त लागतो, पण बसायला मिळतं, आणि स्टुडिओत पोहोचल्यावर पहिला तास सावरण्यात जात नाही. वेळ वाचवण्यासाठी अंगातली शक्ती खर्च करायची की शक्ती वाचवण्यासाठी वेळ, हा हिशेब प्रत्येकीला स्वतःच मांडावा लागतो. समुपदेशक कागद-पेन घेऊन शेजारी बसतो, एवढंच. बोरिवलीकरांच्या हाताशी शंभर चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. काहींना खुर्चीत बसून जे सांगता येत नाही ते चालता चालता, समोरच्याकडे न बघता सांगता येतं. असं सत्र मला खोलीतल्या सत्राइतकंच गंभीर वाटतं. फक्त सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेवावं.

घर हा सर्वांत नाजूक भाग. वन-बीएचकेत पाच माणसं, तिथे ऑनलाइन सत्रासाठी बंद दार कुठून आणायचं? लोक गच्चीवर, जिन्यात, सोसायटीत लावलेल्या गाडीत बसून फोनवर रडतात. सासूबाईंना ‘हिला एकटीला अर्धा तास लागतो’ हे पटवून देणं कधीकधी सहा महिन्यांच्या उपचारांपेक्षा जास्त कामाचं असतं. म्हणून घरच्यांना एखाद्या सत्राला बोलवावं, अर्थातच तिच्या संमतीने. ‘कामावरून आल्यावर पहिली वीस मिनिटं तिला कुणी काही विचारू नये’ एवढा एक नियम घरात लागू झाला तरी संध्याकाळची भांडणं कमी होतात.

समग्र म्हणवणाऱ्या बाजाराबद्दल मला काळजी वाटते. चक्रं, ऊर्जा, स्फटिक यांची पॅकेजं विकणारे याच थकलेल्या, कल्पक माणसांना गाठतात, कारण त्यांना आधी कुणी समजून घेतलेलं नसतं. नृत्य, नाट्य, संगीत, चित्र यांचा मानसोपचारात वापर करणारे प्रशिक्षित लोक आहेत आणि कलावंत मनाला त्यांचा उपयोग होतो. पण निदान क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञानेच करावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते; तो क्रमांक मागण्यात उद्धटपणा नाही. आणि औषध बंद करायला सांगणाऱ्या कुठल्याही हीलरकडे पाठ फिरवावी. एडीएचडीत औषधाने अनेकांचं आयुष्य सावरतं. मिथिलफेनिडेट हे नियंत्रित औषध असल्याने ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्याविषयी पुढच्या आठवड्यात सविस्तर.

कायद्याची बाजू अर्धीच भरलेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. अध्ययन अक्षमतेचं अठराव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालेल, असं २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. या कायद्याने आस्थापनांना समान संधी धोरण जाहीर करायला लावलं आहे. पण अंधेरीतल्या एडिट रूममध्ये एपिसोडमागे पैसे घेणाऱ्या फ्रीलान्सरचं आस्थापन कोणतं? या शहरातली कितीतरी कल्पक माणसं नेमकी तिथेच आहेत, जिथे कायदा पोहोचत नाही.

पैशांचा प्रश्न त्यातूनच येतो. खासगी सत्राला उपनगरांत दीड-दोन हजार सहज लागतात. महापालिकेच्या कूपर, शीव, नायर, केईएम या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रांग मोठी, वेळ थोडा, पण निदान आणि औषधाची सोय होते. फोनवर मोफत बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६, मराठीतूनही. आणि खासगी तज्ज्ञाकडे जायचंच असेल तर पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. एडीएचडी किंवा ऑटिझम असलेल्या प्रौढांबरोबर तुम्ही काम केलं आहे का? मला बोलण्याऐवजी कधी लिहून सांगायचं असेल तर चालेल का? तुमच्या खोलीतला दिवा मंद करता येतो का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस हसला, तर दुसरा क्रमांक फिरवावा.