घोड्याचे केस आणि ऋतुमान

माघ सरू लागला की ग्वाल्हेर-इंदूरकडील तबेल्यांत खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या हाती केसांचे पुंजके येऊ लागतात. ऊन वाढले म्हणून घोडा केस टाकतो, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु मुख्य कारण उष्मा नसून दिवसाची लांबी हे होय. ग्वाल्हेरीस डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस साडेदहा तासांचा, तर जूनमधील सर्वांत मोठा दिवस पावणेचौदा तासांचा असतो. गोव्यात हा फरक दोन तासांहूनही कमी. त्यामुळे दक्षिणेकडे हा पालट तितका ठळक दिसत नाही. रात्र लहान होऊ लागली की घोड्याच्या मेंदूतील मेलाटोनिन या द्रव्याचा स्राव कमी वेळ चालतो आणि हिवाळी केस गळू लागतात. ऐन थंडीत तबेल्यात विजेचा दिवा लावून दिवस सोळा तासांचा केला, तरीही घोडा वेळेआधीच केस टाकतो.

आयाळ व शेपूट यांना मात्र हा नियम लागू नाही. ते केस बारमाही वाढतात. वाढीचा वेग महिन्याला सुमारे 2 सेंटिमीटर. व्हायोलिनच्या गजाला लावतात तो शेपटीचा केस पाऊण मीटरच्या आसपास असतो. याचा अर्थ, वाजविणाऱ्याच्या हाती कुणा घोड्याच्या आयुष्यातील तीन वर्षांची नोंद असते!

नोंद म्हणण्याचे कारण असे. केसाचे मूळ त्वचेखाली असते व त्याला रक्ताचा पुरवठा होतो. तेथे केराटिन नावाचे गंधकयुक्त प्रथिन तयार होत असताना रक्तातील जस्त, तांबे, सेलेनियम इत्यादी खनिजांचा अल्प अंश त्यात गुंतून राहतो. केस त्वचेबाहेर आला की तो निर्जीव. मग रक्ताशी त्याचा संबंध उरत नाही. म्हणून जानेवारीत कापलेला अंगावरचा केस जानेवारीची साक्ष देत नाही. तो ज्या आश्विन-कार्तिकात वाढला, त्या वेळच्या चंदी-वैरणीची देतो. आणि ती वैरणही ऋतूप्रमाणे पालटते. पावसाळ्यातील कोवळ्या गवतात पोटॅशियम भरपूर असते. तेच गवत पिकून वाळले की त्यातील फॉस्फरस बराच उतरतो.

बाहेरूनही केसावर पुष्कळ काही चढते. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा कितीतरी खारट असतो. उन्हाळ्यात राबणाऱ्या जनावराच्या केसावर त्यातील क्षार साचतात. धूळ आणि विहिरीचे जड पाणी यांची भर निराळीच. शिवाय काळ्या केसातील रंगद्रव्य धातूंना धरून ठेवते. त्यामुळे एकाच घोड्याची काळी आयाळ आणि पायावरचा पांढरा पट्टा यांचे आकडे जुळतीलच असे नाही.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे की, अलीकडे केसांची पुडी प्रयोगशाळेकडे धाडून ‘अमुक खनिज कमी’ असा छापील कागद मिळविण्याची व त्यावरून भुकटीचे डबे विकत घेण्याची पद्धत पडली आहे. उन्हाळ्यातील आकडा हिवाळ्यातील आकड्याशी ताडून औषध ठरविणे मला धोक्याचे वाटते. तांब्याचा साठा यकृतात असतो. केसावरून त्याचा भरवसा धरता येत नाही. सेलेनियमची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते दीर्घकाळ अति झाले तर केसात स्पष्ट उमटते, कारण ते गंधकाची जागा घेते. अमेरिकेत आजच्या दक्षिण डाकोटातील फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर 1856 च्या सुमारास घोड्यांची आयाळ व शेपटी झडून खूर निखळू लागले. मॅडिसन नावाच्या लष्करी डॉक्टराने त्याची नोंद केली. जमिनीतून वनस्पतींत आलेले सेलेनियम अशा रोगाच्या मुळाशी असते, हे उमगावयास 1930 नंतरचे दशक उजाडले. आपल्या पंजाबातही होशियारपूर-नवांशहर भागात अशी जमीन आहे.

पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाकाठी सुमारे 1 मिलिग्रॅम सेलेनियम पुरते. एप्रिल 2009 मध्ये फ्लोरिडातील वेलिंग्टन येथे पोलोचे 21 घोडे पाहता पाहता मरण पावले. त्यांना टोचलेल्या पोषक द्रव्यात सेलेनियम अतोनात पडले होते. केसांच्या परीक्षेशी त्या घटनेचा संबंध नव्हता, पण पुरेसे व घातक यांतील अंतर किती थोडे असते ते त्यावरून दिसते.

तेव्हा परीक्षा करावयाचीच, तर मानेवरील ठरावीक जागा आधी भादरून घ्यावी आणि नव्याने उगवलेलाच केस पाठवावा. पुढील वर्षी तुलना करावयाची झाल्यास तीच जागा, तोच रंग, तोच महिना असावा. सोबत पशुवैद्याकडून रक्त व वैरण तपासून घ्यावी. शेपटीचा केस पाठविताना तो त्वचेलगत कापून मुळाकडील टोकाला दोरा बांधावा, म्हणजे ताजे टोक कोणते ते तपासणाऱ्यास कळेल.