नांदूर मध्यमेश्वर : पाणी, पाखरे आणि वसंतातील एक दिवस

गेल्या वर्षी २० मार्च रोजी मी वसतिगृहातील एका जुन्या सहाध्यायासमवेत नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात एक दिवस घालवला. हा मित्र निफाड तालुक्यात शेती करतो. शाळेत असताना त्याच्या खिशात सदैव गलोल असे; आता गळ्यात दुर्बीण होती. रोज सकाळी पहिले शील म्हणणाऱ्या मुलाच्या खिशात गलोल कशी, हा प्रश्न गुरुजींनी त्याला एकदाच विचारला होता. त्या दिवशी त्याने मला जे दाखवले आणि ज्या मुद्द्यावर आमचा मतभेद झाला, ते वाचकांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. पुढे दर पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी उथळ झाले, लहान लहान बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पाखरे आली. १९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या कराराच्या यादीत २०१९ मध्ये समाविष्ट झालेले नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय. म्हणजे ही संपदा निसर्गाची असली, तरी तिचा पाया माणसाने घातलेला आहे.

आम्ही चापडगावच्या बाजूने पहाटेच पोहोचलो. बांधावरच्या बाभळीत सुगरणींचा कलकलाट चालला होता. सूर्य पाठीशी घेऊन बसल्यावर प्रथम केवळ ठिपक्यांची गर्दी दिसली. मित्र म्हणाला, “नावं नंतर विचार. आधी कोण कुठं उभं आहे आणि काय खातंय, ते बघ.”

पाणथळ जागा समजून घेण्याची ही किल्लीच आहे. अगदी काठाशी, बोटभर पाण्यात, गुलाबी लांब पायांचा शेकाट्या बारीक कीटक टिपत होता. त्याच्या पलीकडे मोर शराटी आपली खाली वाकलेली चोच चिखलात खुपसून किडे व गोगलगायी शोधत होते. गुडघाभर पाण्यात चमचा पक्षी अर्धवट उघडलेली चपटी चोच डावीउजवीकडे फिरवत चालले होते. थापट्या बदकाच्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. तो पृष्ठभागावरचे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खातो. तलवार बदक डोके पाण्यात आणि शेपटी आकाशाकडे करून तळाशी पोहोचते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी पक्षी बुडी मारून पाणवनस्पती वर आणतो. कमळपक्षी आपल्या विलक्षण लांब बोटांमुळे तरंगत्या पानांवरून चालू शकतो. याच्या संसारात अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे हे काम नराचे असते, हे ऐकून मी हसलो, तेव्हा मित्र म्हणाला, “घरी जाऊन वहिनींना सांग.”

एकच तळे, पण प्रत्येकाची चोच वेगळी, पायांची उंची वेगळी, म्हणून प्रत्येकाचे ताट वेगळे. पाण्याची खोली सर्वत्र सारखी झाली, तर यांतील बहुतेकांची ताटे एकदम उठतील.

मार्च हा निरोपाचाही महिना आहे. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही हिवाळी पाहुणी मंडळी मध्य आशिया आणि सायबेरियाकडे परतण्याच्या तयारीत असतात. दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या शरीरात बदल घडू लागतात. ते अधिक खातात आणि प्रवासासाठी चरबी साठवतात. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आधारे ते दिशा ओळखतात. त्यांना उत्तरेकडे तोंड करून उडताना पाहून मला सुत्तनिपातातील बावरीची कथा आठवली. गोदावरीच्याच तीरावर राहणाऱ्या बावरीने आपले सोळा शिष्य तथागतांकडे प्रश्न विचारण्यासाठी पाठवले होते. ते पतिट्ठान, म्हणजे आजचे पैठण, आणि उज्जैन यांमार्गे उत्तरेकडे चालत गेले.

दुपारी शिदोरी सोडताना मतभेद झाला. मित्राचे शेत कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. तो म्हणाला, “गाळ काढला तर पाणी जास्त साठेल. आवर्तन लांबलं की कांदा माझा जळतो. तू एका दिवसाचा पाहुणा.” मी म्हणालो, गाळ सरसकट काढला तर सकाळी पाहिलेली पंगतच मोडेल. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “खरं तर आमच्या मळ्यांतली खतं-औषधं वाहून इथंच येतात. जलपर्णी त्यावरच माजते. तेही बोललं पाहिजे.” त्याच्या कांद्यापुढे माझ्याजवळ सोपे उत्तर नव्हते.

तारीख २० मार्च होती, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आले. १९२७ मध्ये याच दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ज्या तळ्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता, तेथे माणसांना मज्जाव होता. त्यामुळे पाणी पाखरांचे की माणसांचे, हा प्रश्न आपल्या समाजाने इतरांहून अधिक सावधपणे हाताळला पाहिजे. पाखरांच्या नावाने काठावरच्या शेतकऱ्याला आणि मासेमाराला पुन्हा पाण्यापासून दूर लोटणारे संरक्षण आपल्याला मान्य होणार नाही. परंतु पाण्यावरचा हक्क म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंतची मालकी, असाही त्या लढ्याचा अर्थ नाही. गाळ किती काढावा, कोठे राखावा आणि आवर्तन केव्हा सोडावे, हे काठावरच्या माणसांना सोबत बसवूनच ठरले पाहिजे. कमी पाण्यात भागणारे ठिबक सिंचन आणि खतांचा बेताचा वापर यांची सुरुवात मात्र सभेची वाट न पाहता करता येते. मित्राने एक एकरावर ती केली आहे.

आपल्या शाळेच्या मुलांना वर्षातून एकदा तरी अशा ठिकाणी न्यावे, अशी माझी विनंती आहे. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. कपडे मळकट रंगाचे असावेत, आवाज हळू असावा, घरट्याजवळ जाऊ नये, आणि दहा मुलांत एक दुर्बीण असली तरी पुरते. प्रत्येकाकडे एक वही मात्र हवी.

परतताना मित्राने आपली वही मला दाखवली. सात वर्षांच्या नोंदी त्याच्या त्याच वळणदार अक्षरात होत्या. पहिल्या पानावर वरती गुरुजींचा तो प्रश्न लिहिलेला होता.