आरपार दिसणारं यकृत

मार्च उजाडला की गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या काजूबागांत बोंडू तुडवले जातात आणि आंबलेला रस भट्टीवर चढतो. आधी हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान रास्तच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातले 15 वर्षांवरचे सुमारे 37 टक्के पुरुष दारू घेणारे निघाले. देशाची सरासरी याच्या निम्मी. दारूमुळे यकृतात चरबी साठू लागते तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही. पोटात पाणी व्हायला लागेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

ही सुरुवात डोळ्यांनी पाहायची तर झेब्राफिश कामाला येतो. निळ्या पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओहोळांचा आणि भातखाचरांचा. फ्रान्सिस हॅमिल्टननं 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांसोबत त्याची नोंद केली. प्रयोगशाळेत तो रुळला तो अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या हातून. त्याची अंडी मादीच्या शरीराबाहेर फळतात, पिल्लू जवळजवळ पारदर्शक असतं आणि चार-पाच दिवसांत त्याचं यकृत काम करू लागतं. तोवर ते अंड्यातल्या बलकावरच जगतं. म्हणजे पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत जेवण, तंबाखू, जुने आजार यांचा जो गुंता असतो, तो इथे नाही.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईत कर्स्टन सॅडलर यांच्या गटानं 2009 मध्ये चार दिवसांची पिल्लं दोन टक्के अल्कोहोलच्या पाण्यात दीडेक दिवस ठेवली. चरबीला लाल रंगवणारं द्रव्य वापरल्यावर यकृताच्या पेशींत थेंब उमटले. चरबी तयार करणारी जनुकं चालू करणाऱ्या 'स्रेब्प' प्रथिनांची वाट अडवली, तेव्हा थेंब घटले. 2013 मध्ये याच गटानं अल्कोहोलचं विघटन करणारी विकरं रोखून पाहिली, तर चरबी साठली नाही. म्हणजे घाव दारूपेक्षा ती पचवण्याच्या खटपटीतून जास्त बसतो. ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या द्रव्यांनीही पिल्लांचं यकृत सावरलं. यावरून कुणी पेल्यासोबत जीवनसत्त्वाची गोळी घेणार असेल, तर त्याला मासा कळलेला नाही.

कारण पिल्लाचा दीड दिवस म्हणजे माणसाची वीस वर्षं नव्हेत. एवढ्या वेळात यकृत निबर होऊन आक्रसत नाही, त्यामुळे सिरोसिसबद्दल हा प्रयोग फारसं सांगत नाही. शिवाय पिल्लू दारू पीत नाही, तिच्यात पोहतं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हाच मासा त्वचेच्या अभ्यासाला लागला आहे, पुण्याच्या आघारकर संस्थेत हृदयाच्या. गोव्यानं मात्र दारूच्या प्रश्नात दुसऱ्या टोकानं हात घातला. 'संगथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी डॉक्टर नसलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकरवी संवाद साधला. बैठका जास्तीत जास्त चार. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातल्या 36 टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं; नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं.