पदवीचे ऋण

महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून नॅकच्या मूल्यांकनाचा अहवाल तयार करणाऱ्या प्राध्यापकांस आणि लिपिकांस एक रकाना चांगलाच परिचयाचा आहे. २०१७ च्या सुधारित पद्धतीत माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाविषयी प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर लाख रुपयांत द्यावयाचे होते. मग जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते शोधणे, मेळावा भरविणे, संघाची नोंदणी करणे, पावतीपुस्तके छापणे ही धावपळ ओघानेच आली. रकाना भरला की कर्तव्य संपले! पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण पुढे कोणाच्या उपयोगी पडला, हा प्रश्न त्या रकान्यात मावत नाही.

द्रव्यदानाला कमी लेखण्याचे कारण नाही. १९७३ साली मुंबईच्या आयआयटीत दाखल झालेल्या नंदन निलेकणी यांनी, त्या घटनेला पन्नास वर्षे झाली म्हणून, २०२३ साली आपल्या संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. त्यापूर्वीचे ८५ कोटी धरता त्यांची देणगी ४०० कोटींच्या घरात जाते. कृतज्ञतेचे हे रूप स्वागतार्हच म्हटले पाहिजे. तथापि शंभर पदवीधरांत असा धनवंत एखादाही निपजेलच असे नाही. उरलेल्यांनी काय द्यावे, याचे उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठीय इतिहासात मात्र विपुल सापडते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सरकारला इंग्रजी जाणणारे अधिकारी हवे होते, तसे ते या पदवीधरांतून मिळालेही. पण भांडारकरांनी ‘मार्गोपदेशिका’ लिहून संस्कृत भाषा शाळकरी मुलाच्या आटोक्यात आणली आणि १८९३ साली ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रानड्यांनी तर आपल्या विद्यापीठाशी दीर्घकाळ भांडण मांडले. उच्च परीक्षांतून मराठीची हकालपट्टी झाली होती. ती परत यावी म्हणून न्यायासनावरील कामाचा व्याप सांभाळून ते सिनेटमध्ये झगडत राहिले. १९०१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला. आज मराठी घेऊन एम. ए. होणाऱ्या किती विद्यार्थ्यांना याची वार्ता असेल?

पुढच्या पिढीने याहून कठीण वाट धरली. डेक्कन कॉलेजातून बाहेर पडलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि टिळकांच्या साहाय्याने १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर पाठोपाठ त्यांना येऊन मिळाले. मुलगा मोठ्या परीक्षा देत असला तरी मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे आगरकरांनी आपल्या आईला आधीच कळविले होते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन परतलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दरमहा पाऊणशे रुपयांवर याच कॉलेजात शिकवू लागले. ही मंडळी देवमाणसे होती असे मात्र समजण्याचे कारण नाही. सभासदांनी पगारवाढ घ्यावी काय, बाहेरची मिळकत स्वीकारावी काय, यावरून त्यांच्यात इतके वितुष्ट आले की १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्यागालाही घरखर्च असतो, आणि संसारी शिक्षकाला तो चुकत नाही. गोखले-आगरकरांची बाजू या दृष्टीने समजून घेण्याजोगी आहे.

एक गोष्ट मात्र नमूद केलीच पाहिजे. या पदवीधरांनी उघडलेली दारे बहुतांशी त्यांच्याच वर्गातील मुलांना सुलभ होती. ज्यांना गावच्या शाळेत वर्गाबाहेर बसावे लागे, त्यांच्यापर्यंत हे ज्ञान पोचावयास आणखी एका पदवीधराची वाट पाहावी लागली. भीमराव आंबेडकर १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले आणि पुढील वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करावयाची, असा करार होता. १९१७ साली ते बडोद्यास गेलेही. पण कचेरीतील शिपाई कागद दुरून फेकीत आणि राहण्यास कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतून लोक लाठ्या घेऊन त्यांना बाहेर काढण्यास आले. करार मोडला तो अशा रीतीने. कागदावरचे ते ऋण फिटले नाही असे एखादा हिशेबनीस म्हणेल. परंतु १९४५ साली स्थापन झालेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ चे मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादेस निघालेले, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय, ही परतफेड कोणत्या वहीत जमा धरावयाची? निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अगदीच तुटपुंजी होती. तेथे खेड्यापाड्यांतून आलेली दलित मुले मिलिंदच्या वसतिगृहात राहून शिकली. या परिसरात गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक उभे राहिले, आणि त्यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले.

करार आणि बंधपत्रे आजही आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एम. बी. बी. एस. झालेल्या तरुणाने महाराष्ट्रात एक वर्ष शासकीय सेवा करावयाची, न केल्यास दहा लाख रुपये दंड भरावयाचा, असा नियम आहे. येथेही ऋणाचे माप अखेर रुपयांतच! नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याला असल्या बंधपत्राची गरज भासली नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. इस्पितळात नेण्याइतका अवसर न मिळता दगावणाऱ्या नवजात बालकांवर घरीच उपचार करता येतील काय, असा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी ३९ गावांत हा प्रयोग केला. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांकरवी हीच पद्धती देशभर नेली. गडचिरोलीच्या त्या ३९ गावांत बाळाचे वजन घेणारी, त्याचा ताप मोजणारी आणि गरज पडल्यास त्याला इंजेक्शन देणारी बाई त्याच गावची असे, आणि तिचे शिक्षण पाचवी ते दहावीपर्यंतच झालेले असे.