हातातून न सुटलेली कुबडी

८ जानेवारी १८९९ रोजी मिलानमध्ये ‘ला दोमेनिका देल कोरिएरे’ हे साप्ताहिक निघालं. ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या दैनिकाची ही रविवारची पुरवणी. तिच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर आठवड्यातल्या मोठ्या घटनेचं पानभर रंगीत चित्र असे. चित्रकार आकिले बेल्त्रामे, जन्म १८७१चा, गाव आर्त्झिन्यानो. चाळीसहून अधिक वर्षांत त्याने अशी साडेचार हजारांवर चित्रं काढली. त्यातल्या बहुतेक जागा त्याने कधी पाहिल्याही नव्हत्या.

आतल्या पानांत छायाचित्रं असायची, मग बाहेर चित्रच का? कारण फोटोवाला पोचेपर्यंत घटना उरकलेली असे. त्याच्या हाती लागे तो ढिगारा, प्रेतयात्रा, नाहीतर रांगेत उभे केलेले सैनिक. चित्रकाराला मागे जाता येतं. शिवाय त्या काळी इटलीत जवळपास निम्म्या लोकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी हे चित्र म्हणजेच बातमी.

एक चित्र उलगडून बघू. एन्रिको तोती रेल्वेत कामाला होता. १९०८ साली अपघातात त्याचा पाय गेला. पुढे एका पायाने सायकल मारत तो युरोपभर हिंडला. पहिल्या महायुद्धात हट्टाने बेर्साल्येरी या पायदळाच्या पलटणीपर्यंत पोचला आणि ६ ऑगस्ट १९१६ ला मोनफाल्कोनेजवळ मारला गेला. मरता मरता त्याने शत्रूवर कुबडी भिरकावली, अशी कथा पसरली. सप्टेंबरात ती मुखपृष्ठावर आली.

आता चित्रकाराचं काम बघा. आधी क्षण निवडायचा. कुबडी जाऊन पडली की चित्र संपलं, म्हणून ती हातातच हवी, सुटायच्या बेतात. शरीराचा तोल एका पायावर पेललेला, म्हणजे तळाची ओळ न वाचताही माणूस ओळखू येतो. मग पोशाख, कारण घरोघरी कुणीतरी आघाडीवर असे आणि चूक लगेच पकडली जाई: बेर्साल्येरींना पिसांचा तुरा, आल्पिनी या डोंगरी सैनिकांच्या टोपीत एकच पीस. शेवटी बघणाऱ्याची जागा. बेल्त्रामे वाचकाला अनेकदा अशा ठिकाणी उभं करतो, जिथे खरा माणूस दोन मिनिटंही जगला नसता. माझ्या मते त्याची खरी करामत हीच. रंग-रेषा इतरांनाही जमत होत्या. तपशील तंतोतंत असले की मधली कल्पना कुणाला खटकत नाही.

कुबडीची ही कथा कितपत खरी, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. तोती रीतसर सैनिक होता का, इथपासून सुरुवात आहे. चित्राला या वादाची झळ लागली नाही. १९२२ साली रोममध्ये पिंचोच्या टेकडीवर आर्तुरो दाझ्झीने घडवलेला तोतीचा पुतळा बसवला. त्यात पिसंही नाहीत, गणवेशही नाही, उघडा देह आहे. कुबडी मात्र फेकायच्या पवित्र्यात, तशीच हातात.